सीएनसी शॉपसाठी प्रॉडक्शन इन्सेंटिव्ह: नगावर द्यावा की मिनिटांवर?

मशिनघर
भोसरी एमआयडीसीतल्या एका सीएनसी (संगणकाच्या प्रोग्रामवर चालणाऱ्या मशिनांच्या) जॉबवर्क युनिटसाठी इन्सेंटिव्ह योजना आखायची आहे. ८ टर्निंग सेंटर (लेथ), ३ व्हीएमसी (उभी मिलिंग मशिनं), दोन पाळ्या. २ रिलीव्हर (बदली) धरून २४ ऑपरेटर, ४ सेटर (नव्या बॅचसाठी मशिन लावून देणारे), ३ इन्स्पेक्टर, शिवाय डीबरिंगच्या (नगांच्या कडांची कुसळं काढायच्या) बाकावर ५ हेल्पर. बॅच १५० ते ६०० नगांची, म्हणजे साधारण दिवसाआड एकेका मशिनवर सेटिंग बदलतं. सध्या पगार, ओव्हरटाइम आणि दिवाळीला ८.३३ टक्के बोनस, एवढंच. उत्पादन क्षमतेच्या ७५ टक्क्यांवर अडकलंय.

मालकांच्या डोक्यात सरळ योजना आहे: ठरलेल्या नगांच्या वर प्रत्येक नगाला २ रुपये. माझे प्रश्न:
- नगावर द्यावा की आणखी कशावर?
- एकेकट्याला की सगळ्यांना मिळून?
- पीएफ, ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा), दिवाळी बोनस यांचं काय होतं?
- सेटर आणि इन्स्पेक्टरला कसं बसवायचं?

युनियन नाही. जाणकारांनी लिहावं.

चिपकन्व्हेअर
नगाला २ रुपये नको. कारण आकड्यांतच आहे.

जेवण सोडून पाळी ४८० मिनिटांची. चहाची २० आणि सुरुवात-सफाईची १५ काढली की उरली ४४५. नगाचा मशिन टाइम ४.२ मिनिटं आणि लोडिंग-अनलोडिंग ०.६ धरलं, तर एक नग ४.८ मिनिटांचा. पाळीत बसले ९२. आता ऑपरेटरने जिवाचं रान करून लोडिंग ०.४ वर आणलं, तरी नग होतात ९६. फक्त ४ वाढले. ४.२ मिनिटं प्रोग्राममध्ये बांधलेली आहेत, ती त्याच्या हातात नाहीत.

मग २ रुपयांसाठी त्याच्या हातात काय उरतं? फीड ओव्हरराइडचा नॉब, म्हणजे टूल पुढे सरकायचा वेग टक्क्यांत कमी-जास्त करणारा. १०० वरून १२० वर. नग वाढतात, इन्सर्टची (कापणाऱ्या पात्याची) धार अर्ध्यातच जाते, फिनिश बिघडतो, बोअरला टेपर येतो (भोक निमुळतं होतं), आणि हे सगळं फायनल इन्स्पेक्शनला कळतं. तोवर दोनशे नग ट्रेमध्ये गेलेले असतात.

त्याउलट सेटिंग बदलायला ९० मिनिटं लागत असतील आणि ती ५० वर आली, तर वाचलेल्या ४० मिनिटांत ८ नग निघतात. पैसा तिथे लावा.

दुसरीपाळी
दुसरा नॉब राहिला की. दरवाजाचा इंटरलॉक, म्हणजे दार उघडं असताना मशिन चालू न देणारं कुलूप. त्यात तुटकी किल्ली खुपसली की नगामागे तीन सेकंद वाचतात. नगावर इन्सेंटिव्ह लागलेल्या शॉपमध्ये ही किल्ली हमखास सापडते.

चिपकन्व्हेअर
@दुसरीपाळी, खरंय. इंटरलॉक बायपास सापडला तर त्या दिवसाचा पूर्ण मशिनचा इन्सेंटिव्ह शून्य, असं पहिल्याच पानावर लिहावं. सुपरवायझरचाही शून्य, नाहीतर तो तिकडे बघणारच नाही.

आणि ओव्हरराइडचं: फानुक कंट्रोलवर (मशिन चालवणाऱ्या संगणकावर) मॅक्रोचा पर्याय असेल तर प्रोग्राममध्ये फिनिशिंग पासच्या (शेवटच्या कापाच्या) आधी व्हेरिएबल ३००४ ला २ द्या, पास संपला की ०. मधल्या भागात नॉब फिरवला तरी फीड बदलत नाही. फक्त पहिला नग काढताना सेटरला नॉब लागतो, त्यामुळे ती ओळ प्रूव्हिंग (प्रोग्रामची चाचणी) झाल्यावरच घाला.

कोल्हापुरी_साचा
असहमत. नगावर देणं वाईट नाही, सीएनसीवर देणं वाईट आहे. फाउंड्रीत हाताने साचे भरणाऱ्याला बॉक्सवर पैसे दिले तर तो खरोखर जास्त भरतो, कारण वेग त्याच्या मनगटात असतो. कोल्हापूर भागात हे जुनंच आहे. तिथे फसतं ते मोजण्याच्या जागेवर. भरलेल्या बॉक्सवर पैसे दिले की वाळू नीट ठोकली जात नाही, व्हेंट (वायू बाहेर जायची भोकं) मारायचे राहतात, आणि ब्लो होल (वायूने झालेल्या पोकळ्या) दिसतात ते ग्राहकाकडे मशिनिंग झाल्यावर. म्हणून फेटलिंगनंतर (ओतलेला माल साफ केल्यावर) पास झालेल्या कास्टिंगवर द्यायचे आणि हीट नंबर (धातू वितळवलेल्या खेपेचा क्रमांक) कोरलेला असला पाहिजे. नाहीतर परत आलेला माल कुणाचा, यावर आठवडाभर भांडण.

आणि ग्रुपला द्यायच्या आधी दहादा विचार करा. चौघं राबतात आणि पाचवा तंबाखू मळत बसतो, पैसे सगळ्यांना सारखे.

आकडेमोड
मूळ प्रश्नाकडे. तुमच्याकडे नगांची जात रोज बदलते, म्हणून नग हे मापच चालणार नाही. एका मशिनवर दीड मिनिटाचा बुश, शेजारी अकरा मिनिटांचा फ्लँज. सगळं मिनिटांत आणा.

कमावलेली मिनिटं = (चांगले नग × नगाची स्टँडर्ड मिनिटं) + (झालेली सेटिंग × सेटिंगची स्टँडर्ड मिनिटं)

उपलब्ध मिनिटं = हजेरीची मिनिटं (चहा-सफाई सोडून) वजा ऑपरेटरच्या हाताबाहेरचे थांबे (वीज, माल नसणं, ब्रेकडाउन)

पहिल्याला दुसऱ्याने भागा, १०० ने गुणा. हा झाला त्या दिवसाचा टक्का. ओव्हरटाइमची मिनिटं हजेरीत धरायचीच, नाहीतर दिवसा रेंगाळून रात्री भरून काढलेलं कामही इन्सेंटिव्ह मिळवतं.

७५ टक्क्यांवर सुरुवात करा आणि पुढे प्रत्येक टक्क्याला दिवसाला ६ रुपये द्या. ८५ टक्के झाले तर ६० रुपये रोज, २६ दिवसांचे १,५६०. २४ ऑपरेटरचे मिळून ३७,४४०.

परवडतं का? वरच्या नगाचंच उदाहरण घेतलं तर ७५ टक्क्यांना पाळीत ६९ नग, ८५ ला ७८. नऊ नग जादा. ११ मशिन × २ पाळ्या × २६ दिवस = ५७२ मशिन-पाळ्या, म्हणजे ५,१४८ नग. जॉबवर्कचा दर ३८ रुपये आणि इन्सर्ट, कूलंट, वीज मिळून १३ धरले तर नगामागे २५ उरतात. महिन्याला १,२८,७००. त्यातले ३७ हजार वाटले तर साधारण २९ टक्के झाले. तुमचे खरे आकडे घालून बघा. वाटा चाळीसच्या वर जायला लागला तर टक्क्याचा भाव कमी ठेवा. सेटर-इन्स्पेक्टरचे पैसेही यातूनच जायचेत.

एक अट महत्त्वाची. टप्पे पाडू नका. '८० ला ५०० रुपये, ९० ला १,२००' असं केलं की ८१ वर पोचलेला माणूस थांबतो आणि उरलेले नग उद्यासाठी ड्रॉवरमध्ये ठेवतो. सरळ रेषेत वाढवा.

गेजवाला
@आकडेमोड, गणितात एक भोक आहे. ते ५,१४८ नग घेणार कोण? ग्राहकाचं शेड्यूल ठरलेलं असेल तर जादा नग रॅकवर पडतील आणि इन्सेंटिव्ह मात्र रोख जाईल. अशा वेळी फायदा विक्रीतून नाही, रविवारची पाळी आणि ओव्हरटाइम बंद होण्यातून येतो. आणि ओव्हरटाइम दुप्पट दराचा. म्हणजे कामगाराच्या बाजूने बघा: १,५६० इन्सेंटिव्ह मिळाला आणि ३,००० चा ओव्हरटाइम गेला. तो योजना का चालू देईल? आधी प्रत्येकाचा सरासरी ओव्हरटाइम किती, ते काढा. त्यापेक्षा इन्सेंटिव्ह कमी असेल तर पहिल्या महिन्यातच सगळं थंड पडेल.

आकडेमोड
बरोबर. मग टक्क्याचा भाव ६ ऐवजी वाचलेल्या ओव्हरटाइमवरून काढावा. वाचलेल्या रकमेचा निम्मा वाटा कामगारांना, ही वाटणी समजायला सोपी आहे आणि पहिल्या दिवशी सांगता येते.

हाफपँट_ते_एचआर
आमच्या आयटीत यातलं काही लागत नाही. बेल कर्व्ह आला की कुणीतरी खाली जायचंच, टीम कितीही चांगली असो. व्हेरिएबल पे म्हणजे आपलाच पगार, फक्त उशिरा आणि कमी.

दुसरीपाळी
आणि रेल्वेत ७८ दिवसांचा 'उत्पादकता संलग्न बोनस'. गाडी कितीही लेट असो, १७,९५१ रुपये.

साधाहिशोब
तो आकडा येतो कुठून तेही सांगतो. महिन्याची मर्यादा ७,००० धरतात. ७,००० × १२ ÷ ३६५ × ७८ = १७,९५०.६८. पगार साठ हजार असला तरी हिशोब सात हजारांवरच. अवांतर संपलं.

नियमवाचक
कायद्याचं एकत्र लिहितो.

दिवाळी बोनस: वेतन संहितेने (आधी बोनस कायद्याने) किमान ८.३३ आणि कमाल २० टक्के. प्रॉडक्शन इन्सेंटिव्ह सुरू केला म्हणून किमान बोनस बुडवता येत नाही. १९६५ च्या कायद्यात कलम ३१-अ होतं: नफ्याऐवजी उत्पादनाशी जोडलेला बोनस करार करून देता येतो, पण तिथेही किमान सोडता येत नाही आणि वरची मर्यादा २० टक्केच. तुमची योजना या प्रकारची नाही, ती बोनसच्या वरची आहे. तसं योजनेच्या कागदावर स्पष्ट लिहा, म्हणजे दिवाळीत 'इन्सेंटिव्ह दिलाय ना वर्षभर' हा वाद होणार नाही.

पीएफ: खऱ्या अर्थाने उत्पादनाशी जोडलेला इन्सेंटिव्ह मूळ वेतनात धरायचा नाही, हे सुप्रीम कोर्टाने ब्रिज अँड रूफच्या निकालात १९६२ मध्येच सांगितलं. २०१९ च्या विवेकानंद विद्यामंदिरच्या निकालाने दुसरी बाजू पक्की केली: जो भत्ता सरसकट सगळ्यांना दर महिन्याला मिळतो, त्याला नाव काहीही द्या, त्यावर पीएफ. म्हणजे सगळ्यांना दर महिन्याला ठरलेले १,५०० 'इन्सेंटिव्ह' म्हणून दिसले तर तपासणीत तो पगारच ठरणार. रोजच्या टक्क्याचं रजिस्टर हा तुमचा पुरावा.

साधाहिशोब
ईएसआयसाठी सोपा मार्ग आहे. दर तीन महिन्यांनी द्या. दोन महिन्यांपेक्षा जास्त अंतराने दिलेला इन्सेंटिव्ह ईएसआयच्या वेतनात येत नाही. व्हर्लपूलचा २००० चा निकाल आहे.

नियमवाचक
@साधाहिशोब, निकाल बरोबर आहे, पण तो उभा होता ईएसआय कायद्याच्या कलम २(२२) मधल्या 'दोन महिन्यांपेक्षा जास्त नाही' या शब्दांवर. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या आणि सामाजिक सुरक्षा संहितेतल्या वेतनाच्या व्याख्येत हे शब्दच नाहीत. उलट त्यात वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाल्या तर वरचा भाग वेतनात परत येतो. त्यामुळे तीन महिन्यांच्या युक्तीवर योजना उभी करू नका. खर्चाचा अंदाज बांधताना मालकाचे ३.२५ टक्के धरूनच भाव ठरवा.

चिपकन्व्हेअर
आणि कायदा बाजूला ठेवला तरी तीन महिन्यांचं अंतर योजनेला मारतं. ऑगस्टमध्ये दहा मिनिटं वाचवली त्याचे पैसे नोव्हेंबरात आले तर कोण जोडणार दोन्ही? कालचा टक्का आज सकाळी फळ्यावर, पैसे महिन्याच्या पगारात वेगळ्या ओळीवर. ऑपरेटरला स्वतःचा आकडा खिशातल्या मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर काढता आला पाहिजे. त्याला जमत नसेल तर सूत्र चुकलंय.

गेजवाला
रिजेक्शनवर कुणीच नीट लिहिलं नाही. तीन गोष्टी.

पहिली, खराब नगाचे पैसे पगारातून कापू नका. नुकसानीची कपात करायला निष्काळजीपणा दाखवावा लागतो आणि कामगाराला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. इन्सेंटिव्हच्या गणितात फक्त चांगले नग धरले तर कपातीचा प्रश्नच येत नाही.

दुसरी, 'एक खराब नग म्हणजे पाच चांगले वजा' असा सरसकट दंड लावला की खराब नग चिपच्या (धातूच्या किसाच्या) ट्रॉलीत पुरले जातात. म्हणून दोन भाव ठेवा. ऑपरेटरने स्वतः लाल डब्यात टाकलेला नग: फक्त तो मोजायचा नाही. फायनल इन्स्पेक्शनला किंवा ग्राहकाकडे सापडलेला: पाच नगांची मिनिटं वजा. लाल डब्यात टाकणं स्वस्त पडलं पाहिजे.

तिसरी, दिलेल्या बारची संख्या आणि चांगले + लाल + सेटिंगचे नग यांची बेरीज रोज जुळवा. बॅच संपल्यावर जुळवली तर फरक सापडतो, पण माणूस सापडत नाही.

इन्स्पेक्टरला उत्पादनाच्या टक्क्यावर एक रुपयाही देऊ नका. त्याला ग्राहकाकडून परत न आलेल्या मालावर द्या, महिनाभर मागे ठेवून.

दुसरीपाळी
थांब्यांच्या नोंदीवर पण लक्ष असू द्या. वीज जाणं उपलब्ध मिनिटांतून वजा होतं म्हटल्यावर रोज 'लाइट गेली, २५ मिनिटं' सुरू होतं. एमआयडीसीत वीज सगळ्या मशिनची एकदमच जाते, एकट्या चार नंबरची नाही. वजावटीच्या प्रत्येक ओळीवर त्याच पाळीत सुपरवायझरची सही, दुसऱ्या दिवशी चालणार नाही. आणि १० मिनिटांखालचा थांबा वजाच करायचा नाही.

कोल्हापुरी_साचा
ग्रुपचं उत्तर अजून कुणी दिलं नाही.

आकडेमोड
@कोल्हापुरी_साचा, देतो. २४ जणांचा एक ग्रुप केला तर तुमचा तंबाखूवाला खरंच लपतो. पण एकेकट्याला दिलं तर दुसऱ्या पाळीसाठी मशिन नीट ठेवून कोण जाईल? पहिल्या पाळीचा माणूस जीर्ण इन्सर्ट लावून ठेवतो, ऑफसेट (टूलच्या मापाची दुरुस्ती) सांगत नाही, आणि सेटिंग बदलायची वेळ आली की ती पुढच्या पाळीवर ढकलतो. म्हणून ग्रुप मशिनचा: दोन्ही पाळ्यांचे दोघे ऑपरेटर, एक टक्का. रिलीव्हर ज्या दिवशी ज्या मशिनवर असेल त्याचा. दोघांत तंबाखू मळता येते, पण लपवता येत नाही.

कोल्हापुरी_साचा
दोघांचा ग्रुप मान्य. चोवीसचा नाही.

जुनाटाइमस्टडी
डीबरिंगच्या बाकाचं वेगळं बघा, तिथे काम हाताचं आहे. स्टॉपवॉच दशांश मिनिटांचा घ्या, १०० ला प्रमाण धरून रेटिंग करा (माणूस नेहमीच्या वेगाच्या किती टक्क्यांवर काम करतोय ते), मग वैयक्तिक गरजांसाठी ५ टक्के (स्त्रियांना ७) आणि थकव्यासाठी किमान ४ टक्के मिळवा. उभं राहून, वजन उचलून असेल तर आणखी. लक्षात ठेवा, हे रेटिंग सीएनसीच्या मशिन टाइमला लावायचं नसतं. तो घड्याळात जेवढा येतो तेवढाच. बरेच जण अख्ख्या ४.८ ला ११० रेटिंग लावून स्टँडर्ड बिघडवतात.

वाचलेल्या वेळेवर जादा पैसे द्यायच्या दोन पद्धती आहेत, हॅल्से आणि रोवन. बाकावर रोवन वापरा. ताशी ८० रुपये, स्टँडर्ड ८ तास, काम ६ तासांत झालं. पगार ४८०. हॅल्सेने वाचलेल्या २ तासांचे निम्मे, म्हणजे ८० रुपये जादा. रोवनने २ भागिले ८ गुणिले ६ तास गुणिले ८०, म्हणजे १२०. काम ४ तासांत झालं तर दोन्हींत १६०. आणि २ तासांत झालं तर हॅल्से २४० देते, रोवन १२० वर उतरते. म्हणजे प्रामाणिक सुधारणेला रोवन जास्त देते आणि स्टँडर्ड ढिलं ठरलं असेल तर मालकाला बुडू देत नाही. नव्याने वेळ मोजणाऱ्या शॉपला हीच सुरक्षित.

चिपकन्व्हेअर
ढिल्या स्टँडर्डवरून एक इशारा. कुणी जास्त कमावतोय म्हणून स्टँडर्ड आवळलं की योजना संपली. पुढे कुणीही ठरावीक टक्क्याच्या वर जात नाही, सगळे संगनमताने ८४ वर थांबतात. स्टँडर्ड बदलायला चारच कारणं लिहून ठेवा: मशिन बदललं, टूल बदललं, फिक्स्चर किंवा पद्धत बदलली, मटेरियल बदललं. फिक्स्चरची कल्पना ऑपरेटरची असेल तर सहा महिने जुनंच स्टँडर्ड चालू द्या.

नियमवाचक
आणि योजना कायमची म्हणून जाहीर करू नका. सहा महिन्यांची प्रायोगिक, सुरुवात आणि शेवट दोन्ही तारखांसह, प्रत्येकाची सही घेऊन. वर्षानुवर्षं चाललेला इन्सेंटिव्ह बदलणं म्हणजे सेवाशर्तींत बदल. त्याला २१ दिवसांची नोटीस लागते. कागद मराठीत आणि हिंदीतही काढा. बीड, बिहार दोन्हीकडची पोरं असणार.

मशिनघर
सगळ्यांचे आभार, नगाला २ रुपये बाद झाले. ठरवलंय ते असं: मिनिटांचं सूत्र, मशिनवार जोडी, ७५ पासून सरळ रेषा, लाल डब्याचे दोन भाव, बाकावर रोवन, फेब्रुवारी ते जुलै प्रायोगिक. टक्क्याचा भाव ओव्हरटाइमचा हिशोब आल्यावर.

सेटरचं अजून अडलंय. चौघांना ११ मशिनच्या सरासरी टक्क्यावर द्यावं असं वाटतंय. आणि सेटिंगची वेळ मोजायची कुठून कुठपर्यंत? सेटर म्हणतात जॉ (नग धरणारे जबडे) बसवले, टूल लावले की त्यांचं काम संपलं.

आकडेमोड
सरासरीवर द्या, पण प्रत्येक सेटरला त्याच्या पाळीतल्या मशिनची सरासरी. नाहीतर रात्रीचा सेटर दिवसाच्या जिवावर.

गेजवाला
वेळ सुरू होते आधीच्या बॅचचा शेवटचा चांगला नग उतरला तेव्हा, आणि संपते नव्या बॅचच्या पहिल्या नगावर इन्स्पेक्टरची सही झाली तेव्हा. दोन्ही वेळा जॉब कार्डवर, हाताने. जॉ आणि टूलवर थांबवली तर उरलेला अर्धा तास कुणाचाच राहत नाही, आणि तुमच्या ९० मिनिटांतली बरीचशी त्यातच असणार: ऑफसेट, दोन-तीन फुकट गेलेले नग, इन्स्पेक्टर जेवायला गेलेला. म्हणून जेवणाच्या वेळी एक इन्स्पेक्टर कायम जागेवर ठेवा, आणि पहिला नग टेबलावर आल्यापासून सही १० मिनिटांत झाली नाही तर पुढची मिनिटं सेटरच्या वेळेत धरू नका.

मशिनघर
चालेल. जॉब कार्डवर दोन रकाने वाढवतो. लाल डब्यांना कुलूप लावायचं का?

गेजवाला
लावा. वरून फट ठेवा, किल्ली इन्स्पेक्टरकडे. पाळी संपताना ऑपरेटरसमोर उघडायचा.